गप्प राहण्याचं औषध

माझा आवाज पहिल्यांदा फाटला तो रेडिओवर, चालू कार्यक्रमात. मी आजीचं काम करत होते, तिच्या तोंडी एक लांब वाक्य होतं. त्याच्या मध्यावर घशातून नुसती हवा आली. समोर बसलेल्या नटाने प्रसंग ओळखून "आजी, पाणी घे" असं म्हणून वेळ मारून नेली. ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हातारी थकली. मी तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हते.

त्यानंतर जे झालं ते मी इथे लिहून ठेवते आहे. ज्यांना आजच कुणी तरी एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरून दाखवली असेल, त्यांना डॉक्टर बरंच सांगतील. काही गोष्टी मात्र दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या माणसालाच ठाऊक असतात.

आवाजावर जगणं

माझे वडील अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्या वस्तीत गाण्या-नाटकाचा जलसा बसायचा. लहानपणी मला पडद्यामागे उभं करायचे. सावकाराचं कुत्रं मी, त्याची बायको मी, पाळण्यातलं पोर मी. पुढे लग्न झालं, आम्ही सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मुलगी झाली, सुजाता, आणि त्याच सुमारास नागपूरच्या रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली. चेहरा कुणाला दिसत नाही, या एका गोष्टीने माझं नशीब उघडलं.

दर गुरुवारी तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असायचा, मी अकोल्याहून गाडीने जायची. त्यात मी आजी झाले. ही आजी सगळ्यांना दटावायची, संत्र्याच्या कलमापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळ्यात बोलायची. पण नाटकात गरज पडली की मी बकरीही व्हायची, मास्तरीणही. एकदा सासू, सून आणि नुकतं जन्मलेलं मूल, तिघंही मीच होते. नाटकं बसवणारे साहेब म्हणायचे, या बाईला घेतलं की गाव घेतल्यासारखं होतं.

गावोगाव पारावर, ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे लोक आजीला ऐकायचे. ज्या घरांच्या ओसरीवर मला कुणी बसू दिलं नसतं, त्या घरांत आजीचं बोलणं चालायचं. मला त्याचं हसू यायचं. कधी कधी यायचं नाही.

आरसा

अकोल्याच्या डॉक्टरांनी सर्दी म्हटलं. मग घसा सुजला म्हटलं. मी मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस पाण्याचा घोट गिळताना टाचण्या गिळल्यासारखं झालं, आणि सुजाताचे वडील मला अमरावतीला घेऊन गेले. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी रजा मागितली तेव्हा साहेबाने कारण विचारलं, तर ते "घरचं काम" एवढंच म्हणाले.

अमरावतीच्या डॉक्टरांच्या कपाळाला गोल आरसा बांधलेला होता. त्यांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली आणि लांब दांडीचा छोटा आरसा घशात घातला. बराच वेळ पाहिलं. मग छातीचा फोटो काढायला सांगितलं. तो आल्यावर त्यांनी सुजाताच्या वडिलांना बाहेर बोलावलं.

दार लोटलेलं होतं. शब्द कळत नव्हते. पण माझं पोट आवाजावर चालत होतं. माणूस बातमी सांगताना आवाज कसा खाली आणतो आणि ऐकणारा मध्येच कसा श्वास धरतो, हे मी शेकडो वेळा करून दाखवलं होतं. बाहेर दोघंही तेच करत होते.

आत आल्यावर डॉक्टर सरळ बोलले. क्षय आहे. छातीतून घशात उतरला आहे. सुया घ्याव्या लागतील, दवाखान्यात राहावं लागेल, आणि आजपासून एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

मी विचारलं, "किती दिवस?"

ते म्हणाले, "हा तुमचा शेवटचा प्रश्न समजा."

दारातून

सामान घ्यायला घरी आलो तर माझी नणंद कौसाबाई आधीच आलेली होती. तिने सुजाताचे कपडे गाठोड्यात बांधले होते. ती वाईट बाई नव्हती. तिचा धाकटा दीर याच आजाराने गेला होता, त्यामुळे तिला नियम पाठ होते. वाटी वेगळी, अंथरूण वेगळं, पोर वेगळं.

मी तोंडाला फडकं बांधून दाराच्या आत उभी होते. सुजाता अंगणात, आत्याच्या कडेवर. ती चार वर्षांची होती. तिला वाटलं फडकं बांधणं हा नवा खेळ आहे. ती म्हणाली, "माय, बकरी काढ."

मी नाही म्हणून मान हलवली.

ती हसायच्या तयारीत थांबली. तिला वाटलं मी मुद्दाम उशीर करते आहे. मग कौसाबाई वळली आणि चालू लागली, आणि पोरगी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहतच राहिली, हसायच्या तयारीतच.

दाराजवळची खाट

दवाखाना अमरावतीच्या बाहेर होता. लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना खिडक्या, पुढे व्हरांडा. सकाळी सुई, मग कडू पुड्या, मग दूध आणि अंडं. दुपारभर निजायचं. झोप येवो न येवो, डोळे मिटून पडायचं. उन्हाळा सुरू झाला होता. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या, पण त्यांवर पाणी मारणारा माणूस आमच्या वॉर्डात यायला टाळाटाळ करायचा.

मला एक पाटी दिली होती. तिच्यावर लिहून मी नर्सबाईंशी बोलायची.

पहिल्या आठवड्यातच मला एक गोष्ट कळली. ज्या बाईचं दुखणं वाढायचं तिला दाराजवळच्या खाटेवर हलवायचे. कारण विचारलं तर तिथे वारा बरा लागतो म्हणायचे. तिथून पुढे दाराबाहेरच जायचं असे. एकदा सकाळी तिथली गादी कुंपणावर उन्हात टाकलेली दिसली आणि दुपारी खाटेवर दुसरी बाई होती. 

बोलायला बंदी असल्यामुळे माझे कान जास्तच तयार झाले. वॉर्डातला प्रत्येक खोकला मी ओळखायला लागले. एक सुका झाडू फिरवल्यासारखा. एक गाडगं फुटल्यासारखा. एखादा खोकला ओला व्हायला लागला, त्याच्या शेवटी बारीक शीळ यायला लागली, की मी त्या खाटेकडे बघायचं टाळायची. मला आधीच कळायचं, आता हिला दाराजवळ नेतील. ते ज्ञान मला नको होतं. नाटकात उपयोगी पडलं असतं असा विचारही मनात आला, आणि त्याची मला भीती वाटली.

तुळसाबाई

माझ्या शेजारच्या खाटेवर शेंदूरजनाघाटची तुळसाबाई होती. संत्र्याचे मळे असलेल्या घरातली, साठीची, मोठ्या हातांची, बोलायला सडेतोड. आल्या दिवशी तिने नर्सला माझी जात विचारली. नंतर तिने आपला पाण्याचा तांब्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. संत्रं द्यायचं झालं तर ती ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि मी तिथून उचलायची.

तिचा मुलगा दर पंधरवड्याला यायचा. तो टोपली व्हरांड्याच्या पायरीवर ठेवायचा आणि नाकाला उपरणं लावून लांबूनच तब्येत विचारायचा. आईने आत ये म्हटलं तर गाडी चुकेल म्हणायचा. एकदा तो असाच गेल्यावर तुळसाबाई बराच वेळ पायरीवरच्या टोपलीकडे पाहत होती. मग उठली, संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

"घे," ती म्हणाली. "आता आपुन दोघी सारख्याच व."

ती दोघींपुरतं बोलायची. मला बोलता येत नाही याचं तिला बरंच वाटत असावं. मळा, सुना, मेलेला नवरा, सगळं तिने मला सांगितलं. माझ्याबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. पाटीवर लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, आणि मी रेडिओवर बोलते हे मी नर्सबाईंनाही सांगितलं नव्हतं. मुकी बसलेली बाई असं काही लिहून दाखवेल तर वेडी समजतील असं वाटायचं.

व्हरांड्यात दवाखान्याचा रेडिओ होता. एका गुरुवारी संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. आजी बोलायला लागली. दुसरीच कुणी बाई होती. माझी लकब तिने उचलली होती, पण म्हातारीचा आवाज काढताना ती नुसता घसा घासत होती. म्हातारपण घशात नसतं, श्वासात असतं.

तुळसाबाई उशीला टेकून ऐकत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे थे आजी नाई."

मी तिच्याकडे पाहिलं.

"हे दुसरीच कोणी बसवली. थे आजी मेली असन. लोकाईले सांगत नाईत."

मी पाटी हातात घेतली, आणि तिला वाचता येत नाही हे आठवून परत ठेवली.

वॉर्ड शांत झाला

पावसाळा संपत आला तेव्हा मला वाटायला लागलं की वॉर्डाचं बरं चाललं आहे. खोकले कमी झाले होते. सकाळी सुया उकळायच्या भांड्याचं झाकण वाजायचं, ते आता वाजत नव्हतं. खिडकीवर चिमण्या यायच्या, पण गप्प. मला तो चांगला शकुन वाटला. नवं औषध लागू पडतं आहे, सगळ्यांनाच.

त्याच दिवसांत मला चालताना तोल जायला लागला. जमीन नावेसारखी हलायची. कानात सतत एक बारीक सूर होता, रेडिओचं स्टेशन सापडत नसताना येतो तसा. मी ते अशक्तपणावर ढकललं.

एका दुपारी तुळसाबाई माझ्याकडे तोंड करून निजली होती. तिने पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलले, मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. ती खोकत होती, चांगली जोराने. मला अगदी थोडं ऐकू आलं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. त्या खोकल्याच्या शेवटची ती बारीक शीळ, जी मी हमखास ओळखायची, ती आलीच नाही.

मग मी वॉर्डभर नजर फिरवली. बायका खोकत होत्या. तोंडं उघडत होती, पदर हलत होते. वॉर्ड शांत झालेला नव्हता.

निवड

मी ते डॉक्टरांना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांचा आवाज जाड होता, तो मला नीट ऐकू यायचा. नर्सबाईंचा मात्र तुटक तुटक. डॉक्टर म्हणाले की हे सुईमुळे होतं, सगळ्यांना नाही, काहींना. आधी बारीक आवाज जातात. पक्ष्यांचे, बायकांचे, मुलांचे. सुया थांबवल्या तर जेवढं गेलं तेवढ्यावर थांबेल. पण घशातली जखम अजून पूर्ण भरली नाही, थुंकीत अजून जंतू आहेत. आता थांबवलं तर ती पुन्हा उसळेल, आणि मग आवाज वाचेल की नाही, आणि तुम्ही वाचाल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

मी पाटीवर लिहिलं, "थांबवा."

त्यांनी वाचलं आणि म्हणाले, घरच्यांना येऊ द्या.

सुजाताचे वडील रविवारी आले. ते नेहमी खुर्ची खाटेजवळ ओढून बसायचे, फडकं न बांधता. डॉक्टर त्यावरून त्यांना रागवायचे. त्या दिवशी ते उभेच राहिले. त्यांनी सांगितलं की सुजाताला ताप येत होता. खोकलाही होता. मला सांगायचं नाही असं बहीणभावांनी ठरवलं होतं. तिच्या छातीचा फोटो काढला. साफ निघाला.

"साफ हाये," ते पुन्हा म्हणाले. "पण तिकडचा डॉक्टर म्हणते, तुही थुंकी साफ झाल्याबिगर पोरगी तुह्यापाशी ठेवाची नाई. कौसा म्हणते, मंग इकडेच राहू द्या तिले. कायमची."

मी पाटी मांडीवर घेतली. डॉक्टरांसाठी लिहिलेलं वरच्या कडेला अजून तसंच होतं. कानांनी मी काम करत होते. समोरच्याचा सूर ऐकल्याशिवाय आपला सूर लागत नाही. कान गेले तर आजी गेली, बकरी गेली, सगळं गाव गेलं. पण मी सुया थांबवल्या तर पोरीला माझ्याजवळ कुणी येऊ देणार नव्हतं, आणि कौसाबाईचं बरोबरच होतं.

मी "थांबवा" पुसलं आणि "चालू ठेवा" लिहिलं. सुजाताच्या वडिलांनी ते वाचलं आणि खिडकीकडे गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते काही म्हणाले असतील तर मला ऐकू आलं नाही.

पहिले शब्द

हिवाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि जखम भरली म्हणाले. रोज थोडंसं बोलायची परवानगी मिळाली. अगदी थोडं, पाच-दहा वाक्यं, हळू.

तोवर तुळसाबाईला दाराजवळच्या खाटेवर नेलं होतं. तिचे मोठे हात चादरीवर वाळक्या फांद्यांसारखे पडलेले असत. मी माझी वाक्यं कुणावर खर्च करायची हे आधीच ठरवलं होतं. भिंत धरत धरत तिच्यापर्यंत गेले, स्टुलावर बसले आणि श्वास म्हातारा केला.

"काऊन व तुळसा," मी आजीच्या आवाजात म्हटलं, "संत्र्याले पाणी दिलं का नाई औंदा?"

आवाज तुकड्या-तुकड्यांनी आला, खरबरीत, माझ्या ओळखीचा नसलेला. मला तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. तुळसाबाईने डोळे उघडले. ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मला वाटलं तिला कळलंच नाही. मग तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढून जवळ घेतलं. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं, म्हणून ऐकू आलं.

"मंग इतके दिस बोलली काऊन नाई?"

मी हसले. तीही हसली असावी. दिवसाची परवानगी संपली होती, तरी मी थोडं आणखी बोलले. आजी तिला दटावत होती, औषध घे म्हणत होती, पोराला शिव्या देत होती. तुळसाबाई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी ती काही तरी म्हणाली. लांबसं, एकदोन वाक्यांचं. तिचे ओठ स्पष्ट हलले. मी कान जवळ नेला, पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं नाही. थकली होती.

नर्सबाई पलीकडे होत्या. मी त्यांना विचारलं, काय म्हणाली ती? त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गादी कुंपणावर होती.

नंतर

थुंकी साफ निघाली आणि मी अकोल्याला परत आले. शेजारणी भेटायला आल्या, पण पाणी कुणी प्यायलं नाही. सुजाता पहिले काही दिवस कौसाबाईच्या पदराला धरून होती. ती माझ्याशी बोलायची आणि मला तिचे ओठ दिसायचे. बापाचा आवाज मायला ऐकू येतो आणि आपला का येत नाही, हे तिला समजत नव्हतं. ती रागाने जास्त जोरात ओरडायची. ओरडली की आवाज आणखी बारीक व्हायचा, आणि माझ्यापासून आणखी लांब जायचा.

रेडिओवाल्यांनी मला परत घेतलं. साहेबांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, आता आजीला काही करावंच लागत नाही. ते खरं होतं. दुसरा कुठलाच आवाज आता माझ्या घशातून निघत नव्हता. मास्तरीण, बाळ, बकरी, सगळ्या दुसऱ्या बायकांकडे गेल्या. मी समोरच्याच्या तोंडाकडे बघत असायची, आणि माझी पाळी आली की शेजारचा नट माझ्या कोपराला बोट लावायचा. मी तशी काही वर्षं काढली. ऐकणाऱ्यांना कळलं नाही.

ज्यांना सुया चालू आहेत त्यांनी कानात सूर यायला लागला तर तो अशक्तपणावर ढकलू नये. त्याच दिवशी सांगा. मी उशिरा सांगितलं. आणि भेटायला येणाऱ्यांनो, जमलं तर खुर्ची जवळ ओढून बसा.

एवढ्यावर थांबणार होते, पण एक राहिलं.

परत येऊन वर्ष होत आलं असेल. मी चुलीपुढे बसले होते आणि मागून कुणी तरी पुरुष म्हणाला, "माय, मले भूक लागली." मी दचकून वळले. घरात सुजाताशिवाय कुणी नव्हतं. हनुवटी छातीला लावून, गाल फुगवून ती उभी होती. बापाचा आवाज मला ऐकू येतो हे तिने पाहिलं होतं आणि कुणाला न विचारता स्वतःच तो आवाज शोधून काढला होता.

तेव्हापासून ती माझ्याशी त्याच आवाजात बोलते. शाळेतल्या मैत्रिणी हसतात, पण ती बदलत नाही. आता ती दहा वर्षांची आहे. डॉक्टर म्हणाले होते की सुया थांबल्यावर कान आहेत तिथेच राहतील. पण गेल्या दिवाळीत माझ्या लक्षात आलं, माझ्याशी बोलताना ती आवाज आणखी खाली नेते, आणखी जाड करते. कधीपासून, ते मी तिला विचारलेलं नाही. तिनेही मला काही सांगितलेलं नाही.